जुनी दुनळी हातात आली तर: मूळची किती आणि नंतरची किती, हे कसं ओळखायचं

मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या घरच्या दुनळीच्या नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेनं पांढरी भुकटी वर यायची. आजोबांची बंदूक, बारा बोर, घोडे बाहेर असलेली. भुकटी पुसली की आठवड्यानं पुन्हा हजर. काही वर्षांनी पट्टीच एका टोकाला उचलली गेली, तेव्हा कारण कळलं. बंदूक नव्यासारखी दिसावी म्हणून वडिलांनी एका दुरुस्तीवाल्याकडून तिच्यावर काळा रंग चढवून घेतला होता आणि त्यानं नळ्या कॉस्टिक क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवल्या होत्या. अखंड नळीच्या रायफलीला ही पद्धत चालते. जुन्या दुनळीच्या नळ्या आणि पट्ट्या मात्र कथील-शिशाच्या डाखानं जोडलेल्या असतात. ते द्रावण डाख खातं, पट्टीखालच्या पोकळीत जाऊन बसतं आणि दमट हवा लागली की क्षार बनून बाहेर येतं. बंदूक दिसायला झकास झाली होती, फक्त आतून संपत आली होती.

तेव्हापासून कोणी जुनी दुनळी दाखवली की मी चकाकीकडे बघत नाही, झीज कुठे आहे ते बघतो. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूवर हात जिथे लागतो तिथे झीज असते आणि हात जिथे पोचत नाही तिथे जुना रंग टिकून असतो. लोखंड, लाकूड, स्क्रू, नक्षी यांचं वय एकमेकांशी जुळलं तर बंदूक मूळची. एकाचं वय दुसऱ्याशी भांडत असेल, तर मध्ये कोणाचा तरी हात फिरलाय. पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी कागद

बंदूक कितीही जुनी असो, ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. काडतूस भरता येणारी जवळपास कुठलीही दुनळी या सवलतीत बसत नाही. म्हणजे परवाना हवा: आमच्याकडे नाशिक शहरात पोलीस आयुक्तांकडून, उरलेल्या जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, नेमबाजी खेळणाऱ्यांचे नियम वेगळे. वारसाच्या नावावर परवाना घेण्याची सोय २०१६च्या नियमांत आहे. परवानाधारकानं सत्तरी गाठली असेल किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं असेल, तर त्याच्या हयातीतही हे करता येतं.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या बाजूच्या जुन्या घरांत माळ्यावर धोतरात गुंडाळलेली बंदूक निघाल्याच्या गोष्टी ऐकू येतात. सुरगाणा तर स्वातंत्र्यापर्यंत संस्थानच होतं. अशी बंदूक निघाली आणि परवाना कोणाच्याच नावावर नसेल, तर ती घेऊन जाणकार शोधत फिरू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे रीतसर जमा करा, पावती घ्या, मग वारसाचा अर्ज करा. मूळची की नंतरची, हा प्रश्न तोवर थांबतो.

परवान्यावरचा बंदुकीचा नंबर एका कागदावर उतरवून घ्या. तो पुढे लागेल.

तयारी

सराफ बाजारातल्या कोणाकडून दहापट दाखवणारं भिंग मागून आणा. नाशिकला चांदीचा एवढा व्यापार आहे, भिंगाची वाण नाही. बारीक झोताची बॅटरी, व्हर्नियर, स्टीलची टेप, सुती दोरी, सिगारेटचा पातळ कागद, एक लाकडी काठी आणि फोटोसाठी मोबाइल. स्क्रू-ड्रायव्हर मुद्दाम यादीत नाही.

नळीच्या भिंतीची जाडी मोजायला वेगळं उपकरण लागतं. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये काम करणारा ओळखीचा माणूस असेल तर बोअर गेज (नळीचा आतला व्यास मोजायचं) आणि जाडी मोजायचं गेज घेऊन त्यालाच घरी बोलवा. बंदूक वर्कशॉपमध्ये पाठवू नका. परवाना तुमच्या नावावर आहे, त्याच्या नाही. आणि तसंही बंदूक दुरुस्तीसाठी कायद्यानं वेगळा परवाना लागतो.

‘रिकामी आहे’ असं मालकानं शपथेवर सांगितलं तरी उघडून स्वतः बघा. मागून भरायच्या बंदुकीत हे सोपं आहे. ठासणीची असेल, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे भरायची, तर लाकडी काठी नळीत तळापर्यंत हलकेच सोडा, तोंडाशी खूण करा, काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघा. काठीचं टोक निपलच्या (ज्यावर घोडा आपटतो त्या बोंडाच्या) जवळ, नळीच्या मागच्या टोकापर्यंत पोचायला हवं. चार-पाच सेंटिमीटर कमी पडलं तर आत बार भरलेला असू शकतो, पन्नास वर्षांपूर्वीचा का असेना. तिथेच थांबा आणि पोलिसांना कळवा. काठीनं खणत बसू नका.

घोडा किंवा चाप रिकामा ओढून बघायचा मोह टाळा. जुनी फायरिंग पिन आणि घोड्याचे खाचेचे दात अशानं तुटतात, आणि मग तुम्हीच त्या बंदुकीतला ‘नंतरचा’ बदल होता.

हातभर अंतरावरून

बंदूक टेबलावर ठेवून दोन पावलं मागे जा. प्रमाण बघा. नळ्या आखूड आणि दस्ता जडशीळ दिसतोय का? लाकूड कोरं आणि लोखंड झिजलेलं? किंवा उलट, लोखंड आरशासारखं आणि लाकडाला भेगा? पहिल्या नजरेला खटकलेलं कागदावर लिहा. नंतर भिंगाखाली गेल्यावर माणूस बारीकसारीक गोष्टींत हरवतो आणि मोठी विसंगती विसरतो.

नळ्यांच्या पोटावरचे ठसे

फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग, काढा, कळ दाबून नळ्या ॲक्शनपासून (नळ्या जिच्यावर बसतात त्या लोखंडी चौकटीपासून) सोडवा आणि उलट्या करा. मागच्या टोकाशी, ॲक्शनवर टेकणाऱ्या सपाट भागावर बारीक ठसे असतात. अधिकृत प्रूफ हाऊसनं जादा बार उडवून नळी तपासली, याची ती मोहर. बंदुकीवरचं नाव कोणीही कोरू शकतो. हे ठसे खोटे मारणं अवघड, म्हणून मी सुरुवात इथून करतो.

बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३च्या कायद्यानं उभं राहिलं. १९०४पर्यंत तिथल्या पक्क्या ठशात मुकुट, त्याखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत बी, सी, पी ही अक्षरं असत. जोडीला व्ही अक्षराचा तसाच ठसा. १९०४नंतर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि धूररहित दारूसाठी एनपी. लंडनचा ठसा म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली जीपी अक्षरं आणि मुकुटाखाली व्ही. लंडनच्या धूररहित चाचणीच्या ठशात तलवार धरलेला हात दिसतो. बेल्जियमच्या लिएजचा ठसा लंबगोल असतो, त्यात ईएलजी अक्षरं. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर बंदूक १८९३नंतर तपासलेली.

आणखी काही खुणा वर्ष पकडून देतात. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द १८७५ ते १८८७ या काळात चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेल्या, नळ्यांवर मारले जात. अशा नळीतून एकच मोठी गोळी उडवू नका, हा त्याचा अर्थ. १८८७नंतर त्याच जागी ‘चोक’ आलं आणि पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात १२वर सी असा चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाचा, ठसाही आला. १९५४पासून इंग्लिश ठशांत बोअरचं माप इंचाच्या दशांशात, चेंबरची लांबी आणि दाब टनांत येऊ लागला. एखाद्या बंदुकीवर जुने राजदंडही आहेत आणि ‘३ टन’ही, तर ती १९५४नंतर पुन्हा तपासून घेतली गेली. हा दोष समजू नका. उलट कोणीतरी जबाबदारीनं काम करवून घेतल्याचा हा पुरावा आहे.

आता ठशांवरून नावाची उलटतपासणी करा. पट्टीवर ‘लंडन’ आणि खाली ईएलजी असेल तर बंदूक लिएजची आहे. तिथल्या कारखान्यांनी नामांकित इंग्रज घराण्यांशी मिळत्याजुळत्या नावांच्या कितीतरी बंदुका विकल्या. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ म्हणजे ‘वेस्टली रिचर्ड्स’ नव्हे. ठसेच नाहीत आणि नाव मात्र भारदस्त, तर बिहारमधल्या मुंगेरसारख्या ठिकाणचं देशी काम असण्याची शक्यता धरा. मुंगेरच्या कारागिरांचा हात हलका नाही, पण त्यावर इंग्रजी नाव कोरलं की ती फसवणूक होते.

भारतात आणखी एक गुंता आहे. पट्टीवर ‘मँटन, कलकत्ता’ किंवा ‘आर. बी. रोडा, कलकत्ता’ असं असेल तर ते बहुतेक वेळा विकणाऱ्याचं नाव असतं. बंदूक बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी बनवलेली, पेढीनं आपलं नाव घालून विकलेली. हीच ती रोडा कंपनी, जिच्या ५० माउझर पिस्तुलांची पेटी १९१४च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी कलकत्त्यात लांबवली. तेव्हा पट्टीवर कलकत्ता आणि खाली बर्मिंगहॅमचे ठसे ही विसंगती नाही, तेच अपेक्षित आहे.

पत्त्यावरूनही काळ कळतो. लंडनच्या पर्डी या बंदुका बनवणाऱ्या पेढीचं दुकान १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑडली स्ट्रीटवर गेलं. त्यामुळे साउथ ऑडलीचा पत्ता कोरलेली बंदूक ‘१८६०ची’ असू शकत नाही. तसंच घोडे आत असलेली अँसन आणि डिलीची बॉक्सलॉक रचना १८७५ची. ‘पणजोबांनी सत्तावनच्या बंडात वापरली’ अशी कथा बॉक्सलॉकबद्दल ऐकवली तर चहा घ्यावा आणि विषय बदलावा.

नंबर

नळ्यांवर, ॲक्शनच्या सपाट भागावर, फोरएंडच्या लोखंडावर आणि बहुधा चापाच्या कड्याच्या शेपटीवर एकच नंबर हवा. परवान्यावरचा नंबरही तोच. फोरएंडचा वेगळा निघाला तर तो दुसऱ्या बंदुकीचा. नळ्यांचा वेगळा असेल तर किमतीला मोठा फटका. नंबर वेडावाकडा, आकडे वेगवेगळ्या खोलीचे आणि आजूबाजूचं लोखंड किंचित खोलगट असेल तर जुना नंबर घासून नवा मारलाय. असं दिसलं की व्यवहारातून बाहेर पडा. हा फक्त अस्सलपणाचा प्रश्न राहत नाही, फौजदारीचा होतो.

पर्डी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांसारख्या घराण्यांनी जुन्या विक्रीच्या वह्या जपल्या आहेत. नंबर कळवून, फी भरून, ती बंदूक मुळात किती लांबीच्या नळ्यांची होती याची विचारणा करता येते. महागड्या बंदुकीबाबत ही फी वाचवणं म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

नळ्या

बंदुकीची निम्मी किंमत नळ्यांत असते आणि बनवाबनवीही इथेच जास्त.

पट्टी पक्की आहे का ते आधी बघा. नळ्यांखालच्या हुकात सुती दोरी ओवून त्या लोंबकळत धरा आणि बोटाच्या पेरानं किंवा पेन्सिलीच्या लाकडानं हलकं टिचकवा. देवळातल्या घंटेसारखा लांबणारा नाद आला तर डाख शाबूत. थाडकन मेलेला किंवा खरखरता आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटलीय. आमच्या नळ्यांचा आवाज मडक्यासारखा होता. हे आधी माहीत असतं तर भुकटीची वाट बघावी लागली नसती. पट्टी नव्यानं डाखलेली असेल तर कडेला चांदीसारखी चमकती, ओबडधोबड रेघ दिसते. मूळच्या कामात ती केसाएवढी बारीक असते.

मग लांबी. मागच्या टोकापासून तोंडापर्यंत टेप लावा. जुन्या इंग्लिश दुनळ्या बहुतेक २८ किंवा ३० इंचांच्या, म्हणजे ७१ किंवा ७६ सेंटिमीटर. साडेसव्वीस असं अडनिडं माप आलं तर कापलेली समजा. (रॉबर्ट चर्चिलच्या २५ इंची बंदुका मुळातच आखूड आहेत, त्यांना हा न्याय लावू नका.) तोंडाशी बघा. दोन्ही नळ्या पुढे एकमेकींकडे झुकत जातात आणि मूळ टोकाशी जवळजवळ भिडतात. टोक कापलं की मध्ये फट राहते आणि ती डाखानं किंवा पितळेच्या तुकड्यानं बुजवतात. कापलेल्या नळीत चोकही जातो, कारण चोक शेवटच्या काही सेंटिमीटरांतच असतो. खाली ‘चोक’चा ठसा आणि व्हर्नियरला तोंडाशी आतल्याएवढाच व्यास, तर करवत किंवा रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) चाललाय. शस्त्र अधिनियमात नळी आखूड करायलाही परवाना लागतो, तेव्हा हा बदल कधी आणि कोणी केला, हा प्रश्न मालकाला विचारायलाच हवा.

आता आतून. खिडकीकडे तोंड करून नळीतून बघा. प्रकाशाची वर्तुळं एकात एक, न वाकता दिसायला हवीत. वर्तुळ कुठे चेपलं तर तिथे पोचा आहे किंवा पोचा काढलेला आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. आतून आरसा आणि बाहेरून म्हातारी, अशी नळी मला जास्त भीती दाखवते. खड्डे घालवायला आतून लोखंड खरवडलंय हे उघड आहे, प्रश्न एवढाच की उरलं किती. मागच्या टोकापासून नऊ इंचांवर, म्हणजे २३ सेंटिमीटरवर, आतला व्यास मोजा आणि ठशाशी ताडा. १२चा ठसा म्हणजे ०.७२९ इंच, १३चा म्हणजे ०.७१०. ठसा १३चा आणि माप ०.७३०च्या वर, तर नळी आपल्या तपासणीबाहेर गेली. मग भिंतीची जाडी घ्या, गोल फिरवत आणि लांबीभर. सर्वात पातळ जागी अर्धा मिलिमीटर, म्हणजे इंचाचे २० हजारांश, ही सर्वसाधारणपणे धरली जाणारी खालची हद्द. त्याखाली गेलेली बंदूक भिंतीवर लावायची. एकाच ठिकाणी एक बाजू जाड आणि दुसरी पातळ असेल तर बाहेरून पोचा घासून काढलाय.

दमास्कस नळ्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण बाजारात सगळ्यात जास्त थापा त्यावर मारल्या जातात. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केल्या की नळीवर लहरींची नक्षी उमटते. ही नक्षी धातूच्या अंगातलीच असते. म्हणून ती पट्टीच्या अगदी कडेपर्यंत, फोरएंडखाली आणि पोटाच्या सपाट भागावरही तशीच चालू दिसायला हवी. साध्या नळीवर आम्लानं किंवा छाप्यानं उठवलेली नक्कल फोरएंडखाली अचानक थांबते, ठरावीक अंतरानं तीच आकृती पुन्हा येते आणि हात लागतो तिथे पुसलेली असते. उलट प्रकारही घडतो. खऱ्या दमास्कसवर काळा रंग चढवून तिला पोलादी म्हणून विकतात. भिंग आणि तिरका उजेड असला की काळ्याखालूनही लहरी दिसतात. आणि खरी दमास्कस असली तरी ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. धूररहित चाचणीचा ठसा नसेल तर तिच्यात आजचं काडतूस घालू नका.

जुन्या पोलादी नळीचा मूळ काळा रंग गंजवून, उकळून, घासून, पुन्हा गंजवून चढवलेला असतो. तो मऊ, खोल, किंचित तपकिरी झाक असलेला. गरम क्षारांचा रंग निळसर-काळा आणि काचेसारखा. अशा चमकत्या दुनळीची पट्टी पुन्हा एकदा टिचकवून बघा.

नळ्यांवर मागच्या टोकापासून साधारण तीन इंचांवर गोल फिरणारी बारीक रेघ दिसली तर ती स्लीव्ह केलेली आहे. म्हणजे जुन्या नळ्या तिथे कापून त्या बुडख्यात नव्या नळ्या बसवल्या. इंग्लंडमध्ये असं केल्यावर ‘स्लीव्ह्ड’ असा ठसा मारून पुन्हा चाचणी होते. ठसा असेल तर बंदूक वापराला उत्तम, संग्राहकाला कमी मोलाची. रेघ आहे, ठसा नाही आणि रेघेवर वेलबुट्टी कोरून ती झाकलीय, तर लपवाछपवी.

शेवटी चेंबरची लांबी. जुन्या दुनळ्यांत अडीच इंचांचं, ६५ मिलिमीटरचं काडतूस जातं. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. चेंबर ७०चं निघालं आणि ठशात २½ असेल तर कोणीतरी रीमर घातलाय, आणि तिथली भिंत तेवढी पातळ झालीय.

सांधा

फोरएंड न लावता नळ्या ॲक्शनवर बसवा, कारण फोरएंडची स्प्रिंग ढिलाई झाकते. दस्ता काखेत दाबून नळ्या दुसऱ्या हातानं हलवा. टकटक जाणवली तर सांधा झिजलाय. मग नळ्यांचं मागचं टोक आणि ॲक्शनची उभी भिंत यांत सिगारेटचा कागद ठेवून बंद करा. कागद सरकत निघाला तर फट आहे. वरची कळ बंद झाल्यावर मध्यापासून किंचित उजवीकडे थांबली तर अजून आयुष्य आहे, मध्य ओलांडून डावीकडे गेली तर झीज बरीच.

सांधा घट्ट आहे म्हणून लगेच खूश होऊ नका. हुकावर हातोडीचे ठोके, वेल्डिंगचा ठिपका किंवा पत्र्याचा तुकडा दिसला तर ती विकण्यापुरती घट्ट केलीय. चार हंगामांत पुन्हा खुळखुळेल. नवी, जाड बिजागरीची पिन घालून केलेलं काम मी दुरुस्ती मानतो, बाकीचं जुगाड.

स्क्रू, नक्षी, रंग

स्क्रू बंदुकीचा इतिहास सांगतात. चांगल्या बंदुकीत त्यांची डोकी नक्षीचाच भाग असतात आणि खाचा बहुधा नळीच्या दिशेनं सरळ ओळीत थांबतात. खाच चावलेली, कडा उचललेल्या, एखादी तिरकी: घरगुती स्क्रू-ड्रायव्हर. तयारीच्या यादीत तो का नव्हता, ते आता कळलं असेल.

नक्षी भिंगाखाली बघा. जुनी रेघ झिजलेली असली तरी तिचा तळ स्वच्छ असतो. बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) धरलेल्या बंदुकीत अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो, सपाट पृष्ठांच्या धारा गोल होतात. लोखंड परत येत नाही, त्यामुळे बफिंग हा माझ्या मते सगळ्यात महाग ‘स्वस्त’ उपाय. पुन्हा कोरलेली नक्षी वेगळी ओळखू येते: रेघ कडक आणि चमकती, पण शेजारची झीज तशीच, आणि मध्येच एखादी जुनी रेघ नव्या रेघेच्या बाजूनं सावलीसारखी डोकावते.

ॲक्शनवर हाडांच्या कोळशात तापवून काढलेले निळे-तपकिरी ढगाळ रंग असतात. हे हातानं आणि उन्हानं जातात, पण कळीखाली, घोड्यांच्या मागे, खाचांत टिकतात. म्हणजे आडोशाला रंग आणि उघड्यावर चांदीसारखं करडं लोखंड, ही प्रामाणिक म्हातारी बंदूक. सगळीकडे भडक इंद्रधनुष्य आणि त्याखाली नक्षी झिजलेली, तर रंग नंतरचा. गॅसच्या ज्योतीनं दिलेल्या रंगात तर पट्टे दिसतात, ढग नाही. शिवाय त्या उष्णतेनं ॲक्शन वाकडी झाली का, हा वेगळा घोर.

घोडे बाहेर असतील तर डावा आणि उजवा शेजारी ठेवल्यासारखे बघा. मान, वळण, नक्षीचा हात सारखा हवा. आमच्या बंदुकीचा डावा घोडा बदललेला आहे हे मला वीस वर्षं दिसलं नव्हतं. सराफ बाजारातल्या एका वयस्कर कारागिरानं एका नजरेत सांगितलं: “उजव्याच्या पानाला शीर आहे, डाव्याच्या नाही.” सोनारानंच कान टोचावे ते असे.

दस्ता

मूळ लाकूड जवळजवळ नेहमी अक्रोडाचं. आपल्याकडे दस्ता तुटला की सुतारानं शिसवी बसवला, हे सर्रास. शिसव जड, तिच्यात जांभळट-काळे पट्टे. बंदूक बिजागरीच्या पिनेजवळ बोटावर तोलून बघा, दस्त्याकडे धाडकन कलंडली तर लाकूड बदललं असण्याची शंका घ्या.

लाकूड आणि लोखंड भेटतात तिथे नख फिरवा. मूळच्या कामात लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. नख लाकडावरून लोखंडावर चढतंय, म्हणजे लाकूड खाली गेलंय, तर दस्ता पॉलिशपेपरनं घासलाय. पकडीवरची चौकडी, म्हणजे हात घसरू नये म्हणून कोरलेली जाळी, बघा: हाताखाली तिची टोकं बसलेली असणं साहजिक आहे. लोखंड झिजलेलं आणि चौकडी काट्यासारखी टोकदार, तर ती पुन्हा कोरलीय. किनारीच्या रेघेबाहेर घसरलेली हत्याराची टोकं शोधा. मूळ चमक जवसाच्या तेलाची, आतून येणारी. फर्निचरच्या लाखेची किंवा पॉलियुरेथेनची चमक लाकडावर काचेसारखी बसते आणि चौकडीच्या खाचांत साचलेली दिसते.

लॉकच्या (घोडा-चापाच्या यंत्रणेच्या) मागे, दस्त्याच्या मनगटाच्या पातळ भागात, बॅटरी तिरकी धरून भेगा बघा. तिथलं लाकूड काळं असेल तर अंगठ्यानं जोरात दाबा. तेल वर आलं तर लाकूड ते पिऊन कुजत चाललंय. भेग बुजवताना पितळी पिना आत घालून, रंग जुळवून केलेलं काम वाईट नाही. फक्त ते विक्रेत्यानं आपणहून सांगितलं का, ते लक्षात ठेवा. दस्त्याच्या खालच्या कडेला लंबगोल चांदीची चकती असते, आद्याक्षरं कोरायला. ती उपटलेली असेल तर मालकाची ओळख पुसली गेलीय. अगदी नवी असून तिच्यावर संस्थानिकाचं चिन्ह असेल, तर वंशावळ विकत घेतली जातेय.

काय करायचं, काय नाही

सगळं लिहून झालं की तीन रकाने पाडा: मूळचं, उघडपणे दुरुस्त केलेलं, लपवलेलं. दुसऱ्या रकान्याची मला अडचण नाही. शंभर वर्षं चाललेल्या वस्तूत दुरुस्ती असणारच, आमच्या आजोबांच्या काळात स्प्रिंग बदलली म्हणून बंदूक बाटत नाही. तिसऱ्या रकान्यात एक जरी गोष्ट सापडली तर मी पहिल्या रकान्यातलं सगळं पुन्हा तपासतो.

तुमच्या ताब्यातल्या बंदुकीला हात लावायचाच असेल तर क्रम असा: गंज थांबवणं, सुटलेली पट्टी पुन्हा डाखणं, भेग जोडणं, तुटलेला भाग बदलणं. रंग, नक्षी, पॉलिश सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच. काम परवानाधारक कारागिराकडेच द्या. देण्यापूर्वी प्रत्येक ठशाचा, स्क्रूचा, नक्षीचा जवळून फोटो काढा आणि नळ्या गरम द्रावणात घालणार नाही, हे त्याच्याकडून लिहून घ्या. काढलेले जुने भाग पिशवीत परत मागा. डावा घोडा बदलताना मूळचा कोणी ठेवला असता तर आज आमच्या बंदुकीची गोष्ट वेगळी असती. शंभरी ओलांडलेली बंदूक १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे परदेशातल्या लिलावाचे भाव बघून हुरळून जाऊ नका. ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

पावसाळ्याची तजवीज मात्र आजच करा. चामड्याची पेटी ओल धरते, तिच्यात बंदूक ठेवू नका. इगतपुरीकडे तर एका रात्रीत बुरशी दिसते. नळ्या आतून कोरड्या पुसून तेलाचं नुसतं बोट फिरवा, बंदूक कुलुपाच्या कोरड्या कपाटात ठेवा आणि ठेवताना तोंड खाली, दस्ता वर. आमच्याकडे ती कायम दस्त्यावर उभी असायची. लॉकमधलं तेल वर्षानुवर्षं लाकडात उतरत राहिलं, आणि मनगटाशी अंगठा दाबला की अजून वर येतं.